अकरा महिन्यांचे घर

सांगलीच्या गावभागातील आमच्या घरात २००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णेचे पाणी शिरले. तिसऱ्या खेपेस भिंतींची ओल दिवाळीपर्यंत हटली नाही, तेव्हा आम्ही भावंडांनी घर विकण्याचा निर्णय घेतला. मे २०२२ मध्ये खरेदीखत झाले. आई त्या वेळी ऐंशी वर्षांची होती. तिने सही केली; देवघराची किल्ली मात्र स्वतःजवळच ठेवली. कोणी मागितलीही नाही.

नवे घर कोकणात बांधावे, हा आमचा जुना बेत. परंतु जागा घेण्यापूर्वी तेथे राहून पाहावे, असे पत्नीने सुचविले. त्यानुसार दापोली तालुक्यातील एका खेड्यात जांभ्या चिऱ्याचे कौलारू घर अकरा महिन्यांच्या कराराने घेतले. (महाराष्ट्रात असा करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. खेड्यांत तो पुष्कळदा तोंडीच उरकला जातो आणि पत्त्याचा पुरावा देताना भाडेकरूची अडचण होते.) मालक मुंबईस राहत. त्यांची एकच अट होती: गणपतीत त्यांचे कुटुंब आले, की आम्ही पडवीलगतच्या खोलीत राहावे.

भाद्रपदात वीस माणसे आली. आपण परक्या घरात आहोत, या संकोचाने आई खोलीबाहेर पडेना. अखेर मालकांच्या सूनबाई येऊन म्हणाल्या, "आजी, कळ्या पाडायला हात कमी पडताहेत." आई म्हणाली, "आमच्याकडे मोदक तळतात हो." तरीही गेली, आणि दुपारपर्यंत स्वयंपाकघरातून परतली नाही.

दरम्यान पैशाचा प्रश्न होताच. घराच्या विक्रीतून झालेल्या दीर्घकालीन भांडवली नफ्यावर करसवलत हवी असल्यास दोन वर्षांत घर खरेदी करावे लागते किंवा तीन वर्षांत बांधावे लागते. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत न वापरलेली रक्कम १९८८ च्या भांडवली नफा खाते योजनेखाली अधिकृत बँकेत ठेवावी लागते. मुदतीत ती खर्ची न पडल्यास करपात्र ठरते. आम्ही गावातील शाखेत गेलो, तर ग्रामीण शाखेत हे खाते उघडता येत नाही, असे कळले! तालुक्याची वाट धरावी लागली. शहरातील घर विकून खेड्यात जाणाऱ्यांनी हे आधीच ध्यानी घ्यावे.

ऑक्टोबरात माळावरचा एक हिरवागार भूखंड आम्हांस फार आवडला होता. विसार देण्याचेच काय ते बाकी होते. मे महिन्यात त्याच वाटेने बायका हंडे घेऊन जाताना दिसल्या. एवढा पाऊस पडूनही जांभा पाणी धरून ठेवीत नाही. विहिरी तळ गाठतात. भाड्याचे घर नसते तर हे आम्हांस बांधकामानंतर कळले असते. दुसरी जागा शेतजमीन निघाली. आम्ही शेतकरी खातेदार नसल्याने ती घेता येईना.

तोवर वर्ष सरले होते. शेजारच्या गावात दुसरे बिऱ्हाड केले, पुन्हा भांडी पोत्यांत बांधली. आईने या वेळी आपली ट्रंक उघडलीच नाही. मुदत हुकली तर काय, ही धास्ती मला त्या बंद ट्रंकेकडे पाहूनच अधिक वाटे. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच गावठाणात, बारमाही विहिरीलगत, जागा मिळाली. खात्यातून काढलेली रक्कम साठ दिवसांत वापरावी लागते, म्हणून गवंड्याच्या हप्त्यांच्या बेताने ती काढीत गेलो. एप्रिल २०२५ मध्ये, मुदतीच्या महिनाभर आधी, घर उभे राहिले.

त्या वर्षीच्या गणपतीत पहिल्या घराच्या सूनबाईंचे आईला बोलावणे आले. ती गेली, आणि जाताना तळणीच्या मोदकांचे सारण डब्यात भरून घेऊन गेली.