वर्षातले तीन तास आणि उरलेले 8,757

वर्षाचे तास 8,760. रक्तदाब आणि साखर असलेले एखादे आजोबा दर महिन्याला न चुकता दवाखान्यात गेले आणि प्रत्येक वेळी डॉक्टरांसमोर पंधरा मिनिटं बसले, असं उदारपणे धरलं, तर वर्षाचे तीन तास होतात. (पंधरा मिनिटं खरंच मिळतात का, हे ज्याचं त्यानं आठवावं.) उरलेले 8,757 तास ते घरात, ओट्यावर, बाजारात, देवळात असतात. गोळी घेतली की राहिली, जेवणावर पापड-लोणचं किती आलं, दिवसभरात पाय किती हलले, हे सगळं त्या तासांत ठरतं.

माधवनगरला हा हिशेब जास्त लागू पडतो. कापड गिरणी, यंत्रमाग आणि वारांच्या नावांच्या पेठा यांचं हे गाव सांगलीला जवळजवळ चिकटलेलं आहे, आणि मिरजही हाकेच्या अंतरावर. मिरजेत विल्यम वॉन्लेस यांनी 1894 मध्ये मिशन हॉस्पिटल उभं केलं, 1962 मध्ये तिथं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. आज कर्नाटकातले रुग्णही उपचाराला मिरज गाठतात. म्हणजे तीन तासांची सोय इथं राज्यातल्या बहुतेक गावांपेक्षा चांगली आहे. बाकीच्या तासांत मात्र माधवनगरचं आणि एखाद्या आडगावाचं चित्र फारसं वेगळं नाही.

आधी माणसं किती, ते पाहू. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढचे लोक 9.9 टक्के होते. 2021 साठीचा सरकारी अंदाज 11.7 टक्क्यांचा, 2031 साठीचा 15 टक्क्यांचा. साठी गाठलेला भारतीय पुरुष त्यानंतर सरासरी साडेसतरा वर्षं जगतो, बाई एकोणीस वर्षं. एवढा काळ ‘आता काय राहिलंय’ म्हणून ढकलण्याजोगा नाही.

दहा हजार वस्तीचं एक गाव धरू. 11.7 टक्क्यांच्या हिशेबानं तिथं 1,170 ज्येष्ठ. 2017-18 मध्ये देशभर झालेल्या ‘लासी’ या वृद्धत्वविषयक पाहणीत साठीपुढच्या 31 हजारांवर लोकांची माहिती घेतली गेली. त्यांतल्या 75 टक्क्यांना एक तरी जुनाट आजार होता, 40 टक्क्यांना कसलं ना कसलं अपंगत्व. उच्च रक्तदाबाचं निदान झालेले सुमारे 32 टक्के, मधुमेहाचे 14 टक्के. आपल्या गावाला हे प्रमाण लावलं तर जुनाट आजाराचे 878 जण, रक्तदाबाचे 374, मधुमेहाचे 164. शिवाय हे निदान झालेले. ज्यांनी कधी पट्टा बांधून घेतलाच नाही, ते या 374 मध्ये नाहीत.

या 374 जणांचं काय करता येतं, याचं उत्तर शेजारच्या जिल्ह्यानं दिलं आहे. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम नोव्हेंबर 2017 मध्ये सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या मोजक्या जिल्ह्यांत सातारा होता. उपक्रमात नवं औषध नव्हतं, नवं यंत्रही नव्हतं. सगळ्या सरकारी केंद्रांवर उपचाराचा एकच साधा क्रम ठरवला, ठरावीक दोन-तीन स्वस्त गोळ्यांचा साठा संपू द्यायचा नाही असं बजावलं, एका वेळी महिनाभराच्या गोळ्या द्यायला सुरुवात केली आणि प्रत्येक रुग्णाचं कार्ड केलं. कोण आलं नाही हे त्या कार्डावरून कळतं, मग परिचारिका किंवा आशाताई त्याला निरोप धाडते.

2018 च्या पहिल्या सहा महिन्यांत देशात या उपक्रमाच्या सुरुवातीच्या केंद्रांवर नोंदलेल्या 21,895 रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध झाला आहे. नोंदणीच्या वेळी त्यांतल्या 26.3 टक्क्यांचा रक्तदाब 140/90 च्या खाली होता, नंतरच्या भेटीत 59.8 टक्क्यांचा. आपल्या 374 जणांत हाच फरक पडला तर 98 ऐवजी 224 जण ताब्यात येतात. सव्वाशे माणसांचा पक्षाघाताचा आणि हृदयविकाराचा धोका उतरला, तोही काही रुपयांच्या गोळीनं. ‘बरं वाटतंय, म्हणून गोळ्या आणल्या नाहीत’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. उपक्रमानं नेमकं त्यालाच उत्तर शोधलं: गोळी घराजवळ आणली आणि विचारणारं माणूस ठेवलं.

आता चालण्याकडे. रोज दहा हजार पावलं हा आकडा कुठल्या वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. 1965 मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्राचं ते नाव होतं. 2022 मध्ये पंधरा अभ्यासांतल्या 47,471 लोकांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा साठीपुढच्यांना बहुतेक लाभ रोजच्या सहा ते आठ हजार पावलांपर्यंतच मिळतो असं दिसलं. घरातली ये-जा, भाजी आणणं, देवदर्शन यांची पावलंही त्यातच धरायची. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला 150 मिनिटं सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास.

पण आपल्याकडे चालण्याशिवाय दुसरा व्यायाम म्हणजे पोरांचा खेळ, अशी समजूत आहे. तीच नडते. उतारवयात आधी जातं ते मांडीतलं बळ, आणि ते गेलं की तोल जातो. पडण्यामुळे जगात दरवर्षी 6 लाख 84 हजार माणसं दगावतात. 108 चाचण्या तपासून काढलेला निष्कर्ष असा की, व्यायामानं पडण्याचं प्रमाण 23 टक्क्यांनी घटतं. म्हणूनच आरोग्य संघटना ज्येष्ठांना तोल आणि ताकद वाढवणारा व्यायाम आठवड्यातून तीनदा करायला सांगते.

घरच्या घरी एक चाचणी करता येते. भिंतीला टेकवलेली बिनहाताची खुर्ची घ्या, हात छातीवर बांधा, तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा; शेजारी कुणीतरी असू द्या. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या पुरुषाला बारा आणि बाईला दहा वेळा जमलं नाही, तर पडण्याचा धोका सरासरीहून जास्त समजतात. त्यावरचा उपायही हाच: रोज थोडं उठणं-बसणं.

उशीर झाला असं मानायचं कारण नाही. अमेरिकेत 70 ते 89 वयाच्या, बैठं जीवन जगणाऱ्या 1,635 जणांना दोन गटांत विभागून अडीच वर्षांहून अधिक काळ पाहिलं. चालणं, ताकद आणि तोल यांचा नियमित व्यायाम करणाऱ्यांत 30.1 टक्के लोकांना चालण्याची गंभीर अडचण आली, नुसती आरोग्याची व्याख्यानं ऐकणाऱ्यांत 35.5 टक्क्यांना. फरक डोळे दिपवणारा नाही, पण तो सत्तरी ओलांडलेल्या माणसांत पडला आहे.

ताकदीला प्रथिनं लागतात. ज्येष्ठांना वजनाच्या दर किलोमागे एक ग्रॅम तरी हवीत, असं वृद्धांच्या आहाराचे बहुतेक अभ्यासक म्हणतात (मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून). पंचावन्न किलोच्या आजींना पंचावन्न ग्रॅम. त्यांच्या ताटात पाहू: दीडशे ग्रॅम ज्वारीच्या भाकऱ्यांतून पंधरा ग्रॅम, तीस ग्रॅम डाळीच्या आमटीतून साडेसहा, पेलाभर दुधातून तेवढीच, मूठभर शेंगदाण्यांतून सात-साडेसात. बेरीज पस्तीस. उपवासाच्या दिवशी तीही कोसळते, कारण साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीत. महिन्याच्या दोन एकादश्या आणि दर सोमवार धरला तर वर्षात पंचाहत्तरच्या आसपास दिवस आजी पिष्टावर काढतात. उपवास सोडा असं कुणी म्हणणार नाही. दही, दूध, राजगिरा आणि शेंगदाण्याची आमटी उपवासाला चालतेच. मिठाचं तर थोडक्यात: आपण रोज सुमारे आठ ग्रॅम खातो, मर्यादा पाचची. वर्षाला माणशी किलोभर मीठ जास्त.

हे सगळं माहीत असूनही होत नाही. लंडनमध्ये 96 जणांवर केलेल्या अभ्यासात एखादी साधी कृती अंगवळणी पडायला मध्यकानं 66 दिवस लागले. कुणाला 18, कुणाला 254. दोन आठवड्यांत कंटाळून सोडणाऱ्याला आळशी म्हणण्यात म्हणून अर्थ नाही, त्याला साठ-सत्तर दिवस सोबत लागते. सोबतीचं स्वतंत्र मोलही मोजलं गेलं आहे. 148 अभ्यासांतल्या तीन लाखांवर लोकांच्या माहितीनुसार, घट्ट नातीगोती असलेल्यांची जगण्याची शक्यता एकाकी माणसांपेक्षा 50 टक्क्यांनी जास्त आढळली.

सरकारी पैसा कुठं जातो? ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान योजनेत पाच लाखांचं संरक्षण आहे, ते मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पात्र ज्येष्ठांना तीन हजार रुपये मिळतात, एकदाच. दोन्ही चांगल्या. पण रोजच्या गोळीची आणि रोजच्या चालण्याची जबाबदारी शेवटी उपकेंद्र आणि आशाताईंवर येऊन पडते. हजार वस्तीमागे एक आशा, म्हणजे आपल्या गावात दहा, प्रत्येकीच्या वाट्याला 117 ज्येष्ठ. शिवाय बाळंतिणी, लसीकरण आणि सर्वेक्षणं आहेतच. त्यांच्याच्यानं हे एकट्यानं होणार नाही.

ज्येष्ठ नागरिक संघ गावोगाव आहेत. वाढदिवस, व्याख्यानं, सहली ते हौसेनं करतात. माधवनगरच्या आणि आसपासच्या संघांना विनंती एवढीच: एक रक्तदाबाचं यंत्र आणि एक वही घ्या. आठवड्यातला एक वार ठरवा. वहीत नाव, रक्तदाब, गोळ्या किती दिवसांच्या उरल्या आणि खुर्चीवरून किती वेळा उठता आलं, एवढंच लिहा. आणि ज्याचं नाव सलग दोन आठवडे वहीत आलं नाही, त्याच्या घरी कुणीतरी जाऊन या.