रंगाचा थेंब आणि नगाचा भाव

पुण्याहून पिरंगुट ओलांडून मुठा गावावरून टेमघरच्या बाजूला जाणाऱ्या रस्त्यावर पावसाळा ओसरला की रविवारी पहाटे गळाची दांडी घेऊन निघालेली हौशी मंडळी भेटतात. मरळ आणि शिवडा हे शिकारी मासे. त्यांच्यासाठी ही मंडळी रबरासारखी लवचीक, शेपूट हलवणारी बेडकाच्या किंवा मासोळीच्या आकाराची नकली आमिषे वापरतात. दुकानात त्यांना ‘सॉफ्ट प्लास्टिक’ म्हणतात. परदेशी पाकीट महाग पडते, म्हणून हा माल घरी ओतून विकण्याचा उद्योग काही तरुण कारागिरांनी धरला आहे.

अशाच एका तरुणाने आपला माल आमच्यापुढे ठेवला. हात चांगला, साचा स्वच्छ. ‘चाचा, नग पावणेतीन रुपयांना पडतो, पाचला विकतो, तरी महिनाअखेरीस हातात काही राहत नाही,’ असे तो म्हणाला. शिवाय एकाच हिरव्या रंगाच्या तीन पाकिटांत तीन हिरवे! गिऱ्हाईक माल परत करत होते. त्याची वही पाहिली तेव्हा दोन्ही दुखण्यांचे मूळ एकच निघाले. वजन करायचे तिथे तो अंदाज करत होता.

आधी रंगाचे पाहू. या आमिषाचा कच्चा माल म्हणजे प्लास्टिसॉल, अर्थात पीव्हीसीची भुकटी मऊपणा आणणाऱ्या तेलकट द्रवात मिसळून केलेले पांढरट, दुधासारखे मिश्रण. सुमारे १७० ते १८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की ते पारदर्शक होते, आणि थंड झाल्यावर मऊ पण चिवट राहते. रंग यातच घालतात. आमचा तरुण कपाला दहा थेंब घालत असे. आता थेंब म्हणजे काय? औषधवाले पाण्याचे २० थेंब म्हणजे १ मिलिलिटर धरतात, पण घट्ट रंगाला तो हिशोब लागू नाही. बाटलीचे तोंड बदलले, थंडीत रंग घट्ट झाला किंवा रंगद्रव्य तळाशी बसले, की थेंब बदलतो.

आपल्यातले रंगरेज कापडाच्या वजनावर टक्का धरून रंग घेतात. प्लास्टिकच्या मशीनवर काम करणारेही किलोभर दाण्याला मास्टरबॅच किती टक्के, असेच विचारतात. इथेही तेच करावे. समजा २५० ग्रॅमचा घाणा आहे आणि रंग १ टक्का हवा आहे. म्हणजे रंग अडीच ग्रॅम. किराणा दुकानातला काटा अर्धा ग्रॅम इकडेतिकडे दाखवतो. अडीच ग्रॅमात अर्धा ग्रॅम म्हणजे २० टक्के चूक! एक तर सोनाराकडे असतो तसा बारीक काटा घ्यावा, नाही तर पुढील युक्ती करावी. १० ग्रॅम रंग ९० ग्रॅम कच्च्या प्लास्टिसॉलमध्ये नीट घोटून बाटलीत भरून ठेवावा. घाण्याला यातले २५ ग्रॅम आणि साधे प्लास्टिसॉल २२५ ग्रॅम घेतले की रंग बरोबर अडीच ग्रॅम होतो. आता काटा अर्धा ग्रॅम चुकला तरी फरक २ टक्क्यांचा. पातळ करायला नुसता तेलकट द्रव मात्र वापरू नये, त्याने आमिष प्रमाणाबाहेर मऊ पडते. बाटली दर वेळी ढवळावी.

रंग कच्च्या मालात पाहून ठरवू नये. दुधाळपणामुळे तो फिका दिसतो. ओतण्याआधी एक ठिपका पांढऱ्या फरशीवर टाकावा आणि थंड झाल्यावर पाहावा. पाण्यात कालवलेला कापडाचा किंवा खाण्याचा रंग तर चालतच नाही. तापलेल्या प्लास्टिसॉलमध्ये पाण्याचा थेंब गेला तर ते उसळून अंगावर येते. प्लास्टरचा साचाही पूर्ण वाळलेला हवा. माल जास्त तापला की धूर येतो, आणि त्या धुरात हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ असते. म्हणून काम उघड्यावर करावे, डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे घालून. बायका स्वयंपाक करतात ते पातेले या कामाला आणू नये, हे सांगावे लागते याचेच नवल!

आता भाव. खालील दर आम्ही केवळ हिशोबासाठी धरले आहेत, प्रत्येकाने आपल्या बाजारचे घालावेत. प्लास्टिसॉल ४०० रुपये किलो, म्हणजे घाण्याला १०० रुपये. रंग १६०० रुपये किलो, म्हणजे अडीच ग्रॅमचे ४ रुपये. चमकी ६ रुपये. एकूण माल ११० रुपयांचा. ६ ग्रॅमचा एक नग धरला तर २५० ग्रॅमात ४१ नग बसतात. ११० भागिले ४१, हेच त्या तरुणाचे पावणेतीन रुपये. पण साच्याच्या तोंडाशी राहिलेले तुकडे आणि बुडबुडे आलेले नग वजा जाता हाती चांगले ३६ आले. त्यावर गॅस १० रुपये. साचा ३६०० रुपयांचा आणि तो ३६०० नग देईल असे धरले, तर नगामागे रुपया, म्हणजे ३६ रुपये. सहा-सहाची सहा पाकिटे, ३ रुपयांप्रमाणे १८. आणि दोन तासांची मजुरी, तासाला १०० प्रमाणे २००. बेरीज ३७४ रुपये. एक नग सुमारे १० रुपये ४० पैशांना पडला. पाचने विकून आले १८०. म्हणजे आपली मजुरी तो गिऱ्हाइकाला जवळजवळ फुकट वाटत होता.

या हिशोबात दोन गोष्टी डोळ्यांत भरतात. ३७४ मध्ये रंगाचे फक्त ४ रुपये, म्हणून स्वस्त रंग शोधत फिरण्यात अर्थ नाही. पण तोच रंग चुकला तर सारा घाणा अडकतो. दुसरे म्हणजे, खर्चात सर्वांत मोठा वाटा मजुरीचा आहे. दुसरा साचा घेऊन त्याच दोन तासांत दोन घाणे ओतले, तर खर्च १७४ रुपयांनी वाढून ५४८ होतो आणि नग मिळतात ७२. नग सुमारे ७ रुपये ६० पैशांवर येतो. भाव कमी करायचा तर तो असा करावा, नग बारीक ओतून नव्हे. माप आणि तोलात कमी देणाऱ्यांसाठी कुरआनात सूरह मुतफ्फिफीन आहे, हे आमच्या व्यापारी बंधूंना सांगायला नको.

वाया गेलेले नग पुन्हा वितळवता येतात, पण प्रत्येक तापवणीत रंग काळवंडतो. ते काळ्या किंवा गडद तपकिरी घाण्यातच घालावेत. गढूळ पाण्यात गडद रंग मागणारे गिऱ्हाईक असतेच. दोन रंगांचे नग एका पाकिटात भरू नयेत, एकाचा रंग दुसऱ्यात उतरतो. काही कडक प्लास्टिकच्या डब्यांत ठेवलेली ही आमिषे डबाच विरघळवतात, म्हणून साधी पॉलिथिनची पिशवी बरी. पाकिटावर घाण्याचा क्रमांक लिहावा आणि तोच वहीत रंगाच्या वजनापुढे मांडावा, म्हणजे तक्रार आली तर कोणत्या दिवशी किती ग्रॅम घातला ते सापडते.