विश्लेषण : शुल्क विद्यार्थ्याचे, निकाल सरकारसाठी… इंग्रजी चाचण्या घेणाऱ्या संस्थांवर परीक्षार्थी नाराज का?

परदेशी विद्यापीठाचे प्रवेशपत्र हाती आहे, बँकेत पैसे दाखवले आहेत, पासपोर्टही तयार आहे. पण इंग्रजीच्या चाचणीत अर्धा बॅण्ड कमी पडला आणि सगळे तिथेच थांबले. पुणे, नागपूर, नाशिक किंवा ठाण्यातील कोणत्याही कोचिंग क्लासमध्ये ही तक्रार ऐकायला मिळते. आजवर अशा तक्रारीला ‘अभ्यास कमी पडला असेल’ हे ठरलेले उत्तर होते. मात्र आयईएलटीएस या चाचणीच्या चालकांनी २०२५ च्या अखेरीस काही निकाल चुकीचे दिल्याचे मान्य केले, आणि हे उत्तर प्रत्येक वेळी खरे नसते हे स्पष्ट झाले. चाचणी घेणाऱ्या संस्थेचीच चूक असेल तर परीक्षार्थीने दाद कुठे मागायची?

नेमके काय चुकले?

आयईएलटीएस ही चाचणी ब्रिटिश कौन्सिल, आयडीपी आणि केंब्रिज विद्यापीठाचा प्रकाशन व मूल्यमापन विभाग यांच्या भागीदारीत घेतली जाते. ऑगस्ट २०२३ ते सप्टेंबर २०२५ या काळातील काही चाचण्यांमध्ये तांत्रिक दोषामुळे श्रवण आणि वाचन या विभागांचे गुण चुकीचे लागले, असे या भागीदारांनी जाहीर केले. ९९ टक्क्यांहून अधिक चाचण्यांवर परिणाम झालेला नाही, बाधितांशी संपर्क साधून सुधारित निकाल दिले आहेत आणि माफीही मागितली आहे, असे त्यांचे म्हणणे.

टक्केवारीत ही चूक छोटी वाटते. पण वर्षाला लाखो जण देत असलेल्या परीक्षेत एक टक्क्याहून कमी म्हणजेही हजारो माणसे. त्यातही दोष दोन वर्षे कोणाच्या लक्षात आला नाही, ही बाब अधिक गंभीर आहे. आयईएलटीएसचा निकाल दोनच वर्षे ग्राह्य धरला जातो. म्हणजे ऑगस्ट २०२३ मध्ये ज्याला चुकून कमी गुण मिळाले, त्याच्या हाती सुधारित निकाल पडेपर्यंत त्या निकालाची मुदतही संपलेली. मधल्या काळात त्याने पुन्हा शुल्क भरून परीक्षा दिली असेल, दुय्यम विद्यापीठ स्वीकारले असेल किंवा परदेशाचा नादच सोडला असेल. ब्रिटनमधील चर्चेचा रोख मात्र दुसरीकडे होता. चुकीने जास्त गुण मिळून देशात आलेल्यांचे काय करायचे, याचीच चिंता तिथे अधिक दिसली.

अर्ध्या बॅण्डने एवढा काय फरक पडतो?

श्रवण आणि वाचन या विभागांत प्रत्येकी ४० प्रश्न असतात. बरोबर उत्तरांच्या संख्येचे ० ते ९ या श्रेणीत, अर्ध्या-अर्ध्या टप्प्याने रूपांतर होते. लेखन आणि संभाषण परीक्षक तपासतात. चारही विभागांची सरासरी काढून ती जवळच्या अर्ध्या बॅण्डला नेली जाते, सरासरी ६.२५ आली तर ६.५ आणि ६.७५ आली तर ७.

समजा एखाद्या विद्यार्थिनीला श्रवणात ६.५, वाचनात ६.५, लेखनात ६ आणि संभाषणात ६ मिळाले. सरासरी ६.२५, म्हणून निकाल ६.५. आता श्रवणातील एकच उत्तर चुकीचे धरले गेले आणि सीमारेषेवर असल्याने तिथे ६ लागला, तर सरासरी ६.१२५ होते आणि निकाल थेट ६ वर येतो. एका प्रश्नाची चूक अशी संपूर्ण निकालात अर्ध्या बॅण्डची होते. मोजपट्टी अर्ध्या सेंटिमीटरची असताना निर्णय मिलिमीटरवर घ्यावा, तसा हा प्रकार आहे.

हा अर्धा बॅण्ड किती महाग आहे ते देशोदेशींच्या नियमांवरून दिसते. ऑस्ट्रेलियाने २३ मार्च २०२४ पासून विद्यार्थी व्हिसासाठीची किमान अट ५.५ वरून ६ वर आणि पदवीनंतरच्या तात्पुरत्या व्हिसासाठी ६ वरून ६.५ वर नेली. ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोंदणी करायची तर तिथल्या परिषदेला वाचन, श्रवण आणि संभाषणात प्रत्येकी ७ आणि लेखनात ६.५ लागतात. रुग्णालयात आठ-दहा वर्षे काम केलेल्या परिचारिकेलाही ६.५ आणि ७ यांतील अंतरासाठी पुन्हा पुन्हा परीक्षेला बसावे लागते. भारतात दर वेळचा खर्च साधारण १७-१८ हजार रुपये.

यंत्राने तपासले तर चुका टळतात का?

पिअर्सन कंपनीच्या पीटीई या चाचणीचा भर संगणकीय तपासणीवर आहे. परीक्षकाचा मूड, थकवा, पूर्वग्रह यांचा प्रश्न त्यामुळे उरत नाही, हा तिचा दावा. पण यंत्राचेही आपले हट्ट असतात. २०१७ मध्ये इंग्रजी मातृभाषा असलेली, दोन विद्यापीठीय पदव्या घेतलेली एक आयरिश पशुवैद्यक ऑस्ट्रेलियातील कायमस्वरूपी वास्तव्यासाठी ही चाचणी द्यायला बसली आणि संभाषणातील ओघवतेपणाच्या निकषावर कमी पडली. तिला हवे होते ९० पैकी ७९, मिळाले ७४. तपासणी प्रणालीत दोष नसल्याचे कंपनीने तेव्हा सांगितले. आयरिश असल्यामुळे तिची बातमी जगभर झाली. आपल्याकडच्या उमेदवाराला ७४ मिळाले असते, तर ती बातमी झाली नसती.

मग खरा ग्राहक कोण?

सगळ्या नाराजीच्या मुळाशी हा प्रश्न आहे. शुल्क परीक्षार्थी भरतो, पण निकाल वापरतात विद्यापीठे आणि व्हिसा देणारी सरकारे. कोणती चाचणी चालेल हे तीच ठरवतात. एखाद्या सरकारने मान्यता काढली तर संस्थेचा धंदा बसतो. एक परीक्षार्थी रागावला तर काहीच होत नाही, कारण दोन-चार मान्यताप्राप्त चाचण्यांखेरीज त्याला पर्याय नसतो. भारतात तर २०२१ मध्ये आयडीपीने ब्रिटिश कौन्सिलचा आयईएलटीएस व्यवसाय १३ कोटी पौंडांना विकत घेतला. त्याआधी दोघांपैकी एकाचे केंद्र निवडता येत असे. हीच आयडीपी परदेशी विद्यापीठांसाठी विद्यार्थी मिळवून देण्याचेही काम करते. यात बेकायदा काही नाही, पण परीक्षार्थीच्या बाजूने बोलणारे या साखळीत कोणीच नाही.

ब्रिटनमधील ‘टोइक’ प्रकरण काय सांगते?

सरकारला खूश ठेवण्याचा दबाव कुठवर जातो, याचे उदाहरण अमेरिकेच्या ईटीएस या संस्थेने ब्रिटनमध्ये घेतलेल्या टोइक चाचणीत आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमाने लंडनमधील केंद्रांवर डमी उमेदवार बसवले जातात आणि पर्यवेक्षकच उत्तरे वाचून दाखवतात, हे छुप्या कॅमेऱ्याने दाखवले. फसवणूक खरी होती, याबद्दल वाद नाही. पुढे २५ जण दोषीही ठरले.

वाद आहे तो त्यानंतर जे झाले त्याबद्दल. ब्रिटिश गृहखात्याने ईटीएसला जुन्या चाचण्या तपासायला सांगितल्या. ईटीएसने आवाज ओळखणारे सॉफ्टवेअर आणि माणसे वापरून २०११ ते २०१४ मधील ५८ हजारांहून अधिक चाचण्यांचे ध्वनिमुद्रण पडताळले. त्यातील ५८ टक्के चाचण्या अवैध आणि ३९ टक्के शंकास्पद ठरल्या. म्हणजे १०० पैकी ९७ जणांवर शिक्का! ज्या संस्थेच्या नाकाखाली इतका घोटाळा झाला, त्याच संस्थेची यादी पुरावा म्हणून वापरून गृहखात्याने व्हिसा रद्द करायला सुरुवात केली. यात भारत, बांगलादेश, पाकिस्तानचे विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. काहींना पहाटे घरातून ताब्यात घेण्यात आले. अनेकांना ब्रिटनमध्ये राहून अपील करण्याची मुभाही नव्हती. आधी देश सोडा, मग अपील करा, असा नियम होता. २०१७ च्या अखेरीस तिथल्या अपील न्यायालयाने हा मार्ग पुरेसा नसल्याचे म्हटले, तेव्हा कुठे परिस्थिती बदलली. तोपर्यंत अनेकांची फी बुडाली होती, पदवी अर्धवट राहिली होती आणि ‘इंग्रजीच्या परीक्षेत कॉपी केली’ हा ठपका घेऊन गावी परतावे लागले होते.

ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने मे २०१९ मध्ये अहवाल दिला. सुमारे अडीच हजार जणांना सक्तीने देशाबाहेर काढले गेले आणि ७ हजार २०० हून अधिक जण इशाऱ्यानंतर स्वतःहून गेले, अशी नोंद त्यात आहे. तोवर सुमारे ३ हजार ६०० जणांनी अपिलात दाद मिळवली होती. काही निरपराध यात भरडले गेले असण्याची शक्यता अहवालाने मान्य केली. संसदेच्या लोकलेखा समितीने त्याच वर्षी गृहखात्यावर घाईने कारवाई केल्याचा ठपका ठेवला. ईटीएसकडून सरकारला भरपाई मिळाली, १६ लाख पौंड. म्हणजे सरकारने आपला तोटा काही अंशी वसूल केला. शुल्क भरणाऱ्यांसाठी अशी तरतूद नव्हती.

न्यायालयांची भूमिकाही सरळ राहिली नाही. २०१६ मध्ये वरिष्ठ लवादाने ईटीएसच्या पुराव्यात अनेक कच्चे दुवे असल्याचे म्हटले. २०२२ मध्ये दोन भारतीयांच्या प्रकरणात त्याच लवादाने हा पुरावा पुरेसा भक्कम असल्याचा निर्वाळा दिला. आपण निर्दोष आहोत असे सांगणाऱ्याला त्यामुळे आज अधिक चढण आहे.

निकाल मान्य नसेल तर काय करता येते?

आयईएलटीएसमध्ये फेरतपासणीची सोय आहे. परीक्षेच्या तारखेपासून सहा आठवड्यांत अर्ज करावा लागतो, त्याचे शुल्क वेगळे. बॅण्ड बदलला तर ते परत मिळते. मात्र उत्तरपत्रिका बघायला मिळत नाही आणि कोणता प्रश्न चुकला हेही सांगितले जात नाही. दहावी-बारावीच्या विद्यार्थ्याला शिक्षण मंडळाकडून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळते, पण १८ हजार रुपये भरणाऱ्याला केवळ नवा आकडा किंवा ‘बदल नाही’ एवढेच कळते. फेरतपासणीवर विश्वास न बसण्याचे हे मोठे कारण आहे.

एकाच विभागाची परीक्षा पुन्हा देण्याचा पर्याय संगणकावरील आयईएलटीएसला उपलब्ध आहे. मूळ परीक्षेपासून ६० दिवसांत, एकदाच. तो निकाल प्रत्येक देश किंवा विद्यापीठ स्वीकारतेच असे नाही, त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी जिथे अर्ज करायचा तिथले संकेतस्थळ पाहणे आवश्यक आहे. कोचिंग क्लासच्या शब्दावर विसंबू नये.

भारतातील ग्राहक कायदा मदतीला येतो का?

इथे एक मोठा अडसर आहे. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिहार शालेय परीक्षा मंडळाच्या प्रकरणात परीक्षा मंडळ ‘सेवा’ पुरवत नाही आणि परीक्षार्थी ‘ग्राहक’ नाही, असा निर्णय दिला. त्या प्रकरणात दोन विद्यार्थ्यांना एकच बैठक क्रमांक दिला गेला होता, निकाल अडकला होता. तरीही भरपाई नाकारली गेली. मात्र ते मंडळ कायद्याने सोपवलेले काम करत होते, हा त्या निकालाचा पाया होता. नफ्यासाठी चाचणी घेणाऱ्या खासगी कंपनीला तोच न्याय लागू होतो का, हा युक्तिवाद करायला जागा आहे.

त्यामुळे तक्रार कोणत्या स्वरूपाची आहे, यावर बरेच अवलंबून आहे. ‘मला ७ मिळायला हवे होते’ या तक्रारीला आयोगासमोर फारसा आधार नाही. हेडफोन बंद होता, संगणक मध्येच अडकला, केंद्र ऐनवेळी बदलले, निकाल आठवडे रखडला आणि प्रवेशाची तारीख गेली, रद्द केलेल्या नोंदणीचा परतावा मिळाला नाही, या सेवेतील त्रुटी म्हणून मांडता येतात. अशी अडचण आली तर केंद्र सोडण्यापूर्वीच पर्यवेक्षकाकडे लेखी नोंद करून घ्यावी. घरी जाऊन पाठवलेल्या ईमेलला नंतर फारशी किंमत राहत नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात दावा दाखल करता येतो, त्यासाठी कंपनीचे कार्यालय असलेल्या शहरात जायची गरज नाही. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर दाखल शुल्क लागत नाही. मुदत दोन वर्षांची. तक्रार ई-जागृती या पोर्टलवरून ऑनलाइनही करता येते. सोबत नोंदणीची पावती, पासपोर्टची प्रत, परीक्षेच्या दिवशीची लेखी नोंद आणि संस्थेशी झालेला पत्रव्यवहार जोडावा लागतो.