४० पॉइंट दोघांचे, मग मुंबई वर कशी?

आज बोलूया इंडियन सुपर लीगच्या २०२०-२१ च्या सीझनबद्दल. आपल्या पेडगावात काय किंवा परभणीत काय, क्रिकेट कुणाला समजावून सांगावं लागत नाही. फुटबॉलचं टेबल मात्र आपण नुसतं स्क्रोल करतो. पण या सीझनचं टेबल बघण्यासारखंच आहे.

कोविडमुळे ११ टीमच्या सगळ्या मॅच गोव्यातच झाल्या, त्याही रिकाम्या स्टेडियममध्ये. फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान. मुंबई सिटीच्या 'होम मॅच' फक्त कागदावर होत्या. म्हणजे अंधेरीतला फॅन आणि पेडगावात मोबाइल धरून बसलेला पोरगा, दोघंही मैदानापासून सारखेच लांब!

आता हिशोब बघा. जिंकलं की ३ पॉइंट, बरोबरी झाली की १. लीगच्या २० पैकी १९ मॅच झाल्या तेव्हा एटीके मोहन बागानचे ४० पॉइंट होते, मुंबईचे ३७. आणि २८ फेब्रुवारी २०२१ ची शेवटची मॅच याच दोघांची! बागानला बरोबरीसुद्धा पुरली असती. मुंबईला जिंकण्याशिवाय पर्याय नव्हता.

मुर्तदा फॉलने सातव्याच मिनिटाला गोल केला, मग ओग्बेचेने दुसरा. मुंबई २-० ने जिंकली आणि दोघांचे पॉइंट झाले ४०-४०.

आयपीएलमध्ये पॉइंट सारखे झाले की आपण लगेच नेट रनरेट काढतो. त्याच्यासारखा इथे असतो गोलफरक, म्हणजे केलेले गोल वजा खाल्लेले गोल. पण आयएसएलमध्ये त्याच्याआधी बघतात, या दोघांच्या आपसातल्या मॅचमध्ये काय झालं. कोडच्या भाषेत सांगायचं तर सॉर्टची पहिली अट पॉइंट, दुसरी आपसातला निकाल, गोलफरक त्याच्यानंतर. जानेवारीतली मॅचही मुंबईने १-० ने जिंकली होती. दोन्ही मॅच मुंबईच्या, विषय संपला.

बरं, पहिल्या नंबरसाठी एवढी मारामारी कशाला? चॅम्पियन तर फायनलमध्ये ठरणार होता ना? तर त्या सीझनला बक्षिसं दोन होती. लीगमध्ये पहिला येणाऱ्याला 'शील्ड' आणि तेव्हाच्या आशियातल्या सगळ्यात मोठ्या क्लब स्पर्धेचं, एएफसी चॅम्पियन्स लीगचं तिकीट मिळणार होतं. नंतर पहिल्या चार टीमच्या सेमीफायनल आणि फायनल होत्या, त्याची ट्रॉफी वेगळी होती.

सेमीफायनलला मुंबईने गोव्याला पेनल्टीवर ६-५ ने काढलं. १३ मार्चच्या फायनलला समोर परत बागान! आपला मुंबईकर अमेय रानवडे डोक्याला मार लागून अँब्युलन्समधून बाहेर गेला. स्कोअर १-१. नव्वदाव्या मिनिटाला ओग्बेचेने पास दिला आणि बिपिन सिंगने गोल ठोकला. शील्ड आणि ट्रॉफी एकाच सीझनमध्ये जिंकणारी मुंबई ही पहिली टीम ठरली.

आणि त्या तिकिटाचं काय झालं? ११ एप्रिल २०२२ ला रियाधमध्ये मुंबईने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ ने हरवलं. चॅम्पियन्स लीगच्या ग्रुपमध्ये मॅच जिंकणारा हा पहिला भारतीय क्लब. विजयी गोल कुणाचा? मुंबईच्याच राहुल भेकेचा.

त्यामुळे पुढच्या वेळी टेबल उघडलं की नुसते पॉइंट बघू नका, आपसातल्या मॅचही बघा. काही अडलं तर कमेंटमध्ये विचारा. चला, भेटू पुढच्या भागात!