मासळीची पारख आणि बर्फाचा हिशेब

घाटावरील आपल्या गांवांतून समुद्राची मासळी म्हणजे सुकट व सुके बोंबील, एवढीच काय ती पूर्वीं ठाऊक होती. आतां मालमोटारी व बर्फाच्या पेट्या यांच्या योगानें तालुक्याच्या बाजारांत ओला बांगडा, सुरमई, कोळंबी हीं सर्रास मिळतात, आणि पाहुणे आले कीं तीं आवर्जून आणलीं जातात. सोय झाली हें खरें. परंतु बंदरावरील गृहिणीस बाळपणापासून जी पारख असते ती आपल्यापाशीं नाहीं, आणि ज्यांस ती आहे त्यांचीही एका ठिकाणीं फसगत होते.

प्रथम जें डोळ्यांनीं व बोटांनीं कळतें तें घेऊं. ताज्या माशाचे डोळे फुगीर व नितळ असतात. शिळ्याचे खोल जाऊन दुधाळ होतात. कल्ले उचलून पाहावे. ते लालभडक असावेत; विटकरी किंवा करडे पडले असल्यास मासा परत ठेवावा, मग विक्रेता कांहींही म्हणो. अंगावर बोट दाबलें असतां पडलेला खळगा लागलाच भरून आला पाहिजे. वास समुद्राचा असावा, आंबूस अगर नवसागरासारखा झोंबणारा नसावा. बोंबिलास मात्र बोटाची कसोटी लागू पडत नाहीं. तो मुळांतच पाणचट व लिबलिबीत असतो. कोळंबीचें डोकें धडास घट्ट असावें. खेकडा जिवंतच घ्यावा.

या सर्व कसोट्यांनीं मासा कुजला आहे कीं नाहीं एवढेंच समजतें. बांगडा, तारली, कुपा व सुरमई या जातींत याहून निराळा धोका असतो. त्यांच्या मांसांत हिस्टिडीन नांवाचें द्रव्य पुष्कळ असतें. मासा मेल्यावर उन्हांत अगर उबेंत पडून राहिला, तर कल्ल्यांतील व आंतड्यांतील जंतु त्या द्रव्यापासून हिस्टामीन नांवाचें विष तयार करतात. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. पुढें मासा बर्फांत घातला तरी तें नाहींसें होत नाहीं, आणि कितीही उकळलें वा तळलें तरी मरत नाहीं. मिठानें व चिंचेनेंही त्याचें कांहीं होत नाहीं.

असा मासा खाल्ल्यावर कांहीं मिनिटांत किंवा एक-दोन तासांत तोंड लाल होतें, अंगावर गांधी उठतात, डोकें ठणकतें, छाती धडधडते. आपल्याकडे यास ‘पित्त उठलें’ म्हणतात, आणि त्या मनुष्यास बांगडा सोसत नाहीं असें ठरवून जन्माचा वर्ज्य करतात. पंगतींतील एकट्यासच, व दर वेळीं, त्रास होत असेल तर प्रकृतीचा दोष संभवतो. परंतु एकाच दिवशीं तिघांचौघांस झाला तर दोष बहुधा माशाचा असतो. श्वास कोंडूं लागल्यास अगर भोंवळ आल्यास घरगुती उपाय करीत न बसतां तडक दवाखाना गांठावा.

यावर उपाय एकच, तो म्हणजे माशाचा पूर्वेतिहास विचारणें. सात-बाराचा उतारा स्वच्छ दिसला म्हणून कोणी शहाणा शेतकरी जमीन घेत नाहीं. तो मागील फेरफार पाहतो. तसेंच मासा कोणत्या बंदरावरून आला, केव्हां निघाला, वाटेंत बर्फ पुन्हा घातला काय, हें विचारावें. पेटींत बर्फ माशांच्या वर, खालीं व मध्येंही असावा. वर मूठभर खडे शिंपडलेले असले तर तो देखावा समजावा. शून्य अंशावर मासा जितका टिकतो त्याच्या सुमारें निम्माच पांच अंशांवर टिकतो. घरीं नेतांना डब्यांत बर्फ घालून न्यावा. दोन तासांहून अधिक, व कडक उन्हाळ्यांत एका तासाहून अधिक वेळ, मासा उघडा राहूं देऊं नये. घरीं पोहोंचतांच कल्ले व आंतडें काढून धुवावा. जून-जुलैंत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांस बंदी असते, तेव्हां ‘आजचाच’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सुरमईविषयीं दोन प्रश्न अधिक विचारावे.

मासा टिकविण्यासाठीं फॉर्मॅलिन लावल्याचे प्रकार सन २०१८ मध्यें केरळांत उघडकीस आले, व त्याच वर्षीं गोवा सरकारनें बाहेरील मासळीच्या आयातीस कांहीं काळ बंदी केली. मासळीस हें द्रव्य लावण्यास कायद्याची परवानगी नाहीं. माशी बसत नाहीं म्हणून फॉर्मॅलिन आहे, असा समज रूढ आहे. परंतु भरपूर बर्फांतल्या माशावरही माशी क्वचितच बसते. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेनें त्यासाठीं कागदी पट्टीची परीक्षा तयार केली आहे. आपल्या सोसायटीनें बाजाराच्या दिवशीं अशा पट्ट्या ठेविल्या तर खर्च फारसा येणार नाहीं.

राहतां राहिल्या तिसऱ्या व कालवें. टिचकी मारतां ज्यांचें शिंपलें मिटत नाहीं तीं टाकावीं. शिजवूनही जीं उघडत नाहींत तींही टाकावीं. पण समुद्रांत विषारी सूक्ष्म शेवाळ माजलें असतां तें खाऊन धडधाकट, जिवंत शिंपलेंही विषारी बनतें, व तें विष शिजवून जात नाहीं. सन १९९७ मध्यें केरळांतील विळिंजम येथें अशाच शिंपल्यांनीं माणसें दगावलीं. म्हणून किनाऱ्यावरील कोळी ज्या दिवसांत शिंपलीं काढीत नाहींत, त्या दिवसांत तीं बाजारांत स्वस्त मिळालीं तरी घेऊं नयेत.