रोबो शब्दाच्या पोटातली वेठ

मुलांना विचारा, रोबो म्हणजे काय? उत्तर तयार असते. लोखंडाचा माणूस, सांगितलेले काम करतो, थकत नाही, पगार मागत नाही, रजा घेत नाही. उत्तर अगदीच चूक म्हणता येणार नाही. पण रोबो जन्माला आला तेव्हा तो लोखंडाचा नव्हता, ही गोष्ट मुलांनाच काय, मोठ्यांनाही सहसा ठाऊक नसते.

शब्द चेक भाषेतला. कारेल चापेक या लेखकाने १९२० साली ‘आर. यू. आर.’ हे नाटक लिहिले आणि जानेवारी १९२१ मध्ये ते प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात रंगले. कृत्रिम कामगारांना नाव काय द्यावे, हे कारेलला सुचत नव्हते. ‘लाबोरी’ हा शब्द मनात होता, पण तो फार पुस्तकी वाटे. त्याने भाऊ योसेफला विचारले. योसेफ चित्रकार. तोंडात कुंचला धरून चित्र रंगवत होता; तसाच पुटपुटला, मग रोबो म्हण त्यांना. ही हकीकत कारेलनेच पुढे १९३३ साली लिहून ठेवली आहे.

योसेफला शब्द शोधायला लांब जावे लागले नाही. ‘रोबोता’ म्हणजे वेठ. बोहेमियातील कुळांना जमीनदाराच्या शेतावर ठरावीक दिवस फुकट राबावे लागे. १७७५ साली तिथल्या शेतकऱ्यांनी बंड केले, तेव्हा आठवड्यातून जास्तीत जास्त तीन दिवस अशी मर्यादा सरकारने घातली. वेठ साफ बंद झाली ती १८४८ मध्ये. कारेलचा जन्म १८९०चा. त्याच्या लहानपणी वेठीच्या आठवणी सांगणारी म्हातारी माणसे गावोगाव असणारच. वेठ म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना फोड करून सांगायला नको. आपल्या आजे-पणज्यांनी गावकीची कामे कशी केली ते घराघरांत ऐकलेले आहे. मराठीत मात्र आपण ‘यंत्रमानव’ असा शब्द केला आणि त्यात ही वेठ नेमकी हरवली.

आता नाटकात काय आहे ते पाहू. एका बेटावर कारखाना आहे. तिथे मांसासारख्या कृत्रिम द्रव्यापासून माणसे बनवतात. शिरा आणि मज्जातंतू चक्क सुतासारखे कातले जातात. म्हातारा रॉसम हा शोध लावतो, पण धंदा करतो तो तरुण रॉसम. तो इंजिनिअर आहे. त्याचा हिशेब असा, की माणसाला आनंद होतो, त्याला फिरायला जावेसे वाटते, व्हायोलिन वाजवावेसे वाटते. कामाच्या दृष्टीने हे सगळे फालतू. म्हणून कामाला जे लागत नाही ते तो काढूनच टाकतो. उत्तम कामगार कोणता? ज्याच्या गरजा सर्वांत कमी, म्हणजेच जो सर्वांत स्वस्त. कामगाराला माणूसपणातून वजा करीत जायचे आणि उरेल त्याला रोबो म्हणायचे! नाटकातल्या पुढच्या सगळ्या अनर्थापेक्षा आम्हांला हा थंड डोक्याने केलेला हिशेब जास्त भयंकर वाटतो.

हेलेना नावाची तरुणी रोबोंच्या मुक्तीसाठी बेटावर येते. टाइप करणाऱ्या रोबो मुलीला ती माणूस समजते आणि कारखान्याच्या साहेबांना रोबो समजून त्यांच्यापुढे बंधुभावाचे भाषण ठोकते. साहेब लोक हसतात. रोबोंना काहीच नको असते, असे ते तिला समजावतात. अननस द्या की गवत द्या, त्यांना चव कळतच नाही. आणि झिजलेला रोबो? तो कुटून टाकण्याच्या गिरणीत जातो.

पण एक अडचण आहे. अधूनमधून एखादा रोबो काम करता करता थांबतो, दात खातो, हातातले फेकून देतो. कारखानदार म्हणतात, हा बनावटीतला दोष. हेलेनाला त्यात आत्मा दिसतो. आम्हांला विचाराल तर ‘आत्मा’ हा शब्दही तिथे लागत नाही. पाळीच्या शेवटी ज्याचे हात भरून आले आहेत, त्याला ते दात खाणे बरोबर समजेल.

शेवटी रोबो बंड करतात आणि माणसे मारतात. एकालाच सोडतात, आल्क्विस्ट नावाच्या बांधकामवाल्याला. का? तो स्वतःच्या हाताने काम करतो, म्हणून तो त्यांना आपल्यासारखा वाटतो.

पुढच्या लेखकांना हे बंड नको होते. आयझॅक असिमोव्हने १९४२ च्या एका कथेत रोबोंसाठी तीन नियम घातले: माणसाला इजा करू नये, माणसाची आज्ञा पाळावी, आणि या दोहोंना बाध येत नसेल तरच स्वतःचा जीव सांभाळावा. जिवाचा नंबर शेवटचा! त्याच कथेत बुध ग्रहावरच्या खाणीतले जुने रोबो आहेत. ते माणसाला ‘मालक’ म्हणतात, आणि माणूस खांद्यावर बसल्याशिवाय पाऊलही उचलू शकत नाहीत. लोकांना रोबोंची भीती वाटू नये म्हणून त्यांची घडणच गुलामाची केलेली.

‘स्टार वॉर्स’ (१९७७) हा चित्रपट मात्र बहुतेक मुलांनी पाहिलेला असतो. त्यात नायक दोन रोबोंना घेऊन एका गुत्त्यात शिरतो, तर गुत्तेवाला दारातच अडवतो. असल्यांना इथे जागा नाही, बाहेर थांबू दे. आत तऱ्हेतऱ्हेचे परग्रहवासी पीत बसले आहेत, त्यांना कुणी हटकत नाही. नायक वाद घालत नाही. कटकट नको म्हणून तो दोघांना बाहेर पाठवतो आणि तेही मुकाट्याने जातात. सारे मिळून मिनिटभराचे दृश्य, लढायांच्या गडबडीत विसरले जाते. मुलांबरोबर चित्रपट बघत असाल तर तिथे जरा थांबवा, आणि ते दोघे बाहेर का गेले, हे मुलांनाच विचारा.