संगणकाचा वेग आणि वर्गातील खोळंबा

शाळेसाठी नवा टॅब अथवा लॅपटॉप घ्यावयाचे ठरले, की शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पहिला प्रश्न बहुधा त्याच्या प्रोसेसरविषयी निघतो. दुकानदाराच्या पत्रकावर तोच आकडा ठळक छापलेला असतो आणि नवा प्रोसेसर जुन्याहून दीडपट वा दुप्पट वेगवान असल्याचे आश्वासन त्याखाली दिलेले असते. गावकऱ्यांच्या लोकवर्गणीतून जमलेली रक्कम वारंवार जमत नाही. ती अस्थानी खर्च झाली, तर पुढील पाचसहा वर्षे वर्गाला त्याचे परिणाम सोसावे लागतात. म्हणून प्रोसेसरचा वेग म्हणजे काय, तो कोठे उपयोगी पडतो आणि कोठे निरर्थक ठरतो, हे शिक्षकाने स्वतः समजून घेणे अगत्याचे आहे. अशा बैठकीत या विषयावर चार शब्द अधिकाराने बोलण्याची अपेक्षा गाव त्याच्याकडूनच करीत असते.

प्रोसेसर व त्याचे ठोके

प्रोसेसर हा संगणकाचा गणन करणारा भाग होय. त्याला मिळणाऱ्या सूचना अगदी साध्या असतात. दोन संख्यांची बेरीज कर, त्यांत मोठी कोणती ते पाहा, उत्तर अमुक जागी ठेव, अशा त्या सूचना. हे काम घड्याळाच्या टिकटिकीप्रमाणे नियमित ठोक्यांवर चालते. एका सेकंदात शंभर कोटी ठोके पडले, की त्यास एक गिगाहर्ट्झ असे म्हणतात.

१९७१ साली इंटेल कंपनीने ४००४ या नावाचा प्रोसेसर बाजारात आणला. त्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि त्याचे ठोके सेकंदाला सुमारे ७ लाख ४० हजार पडत. २००२ च्या अखेरीस त्याच कंपनीचा पेंटियम ४ हा प्रोसेसर ३ गिगाहर्ट्झच्या पुढे गेला. म्हणजे एकतीस वर्षांत ठोक्यांची संख्या चार हजार पटींहून अधिक वाढली. त्या काळात दर दोनतीन वर्षांनी नवे यंत्र घेणाऱ्यास फरक उघड जाणवे. ‘नवे ते वेगवान’ ही समजूत त्या काळाची आहे, आणि त्या काळापुरती ती खरीही होती.

पुढे मात्र उष्णतेची अडचण उभी राहिली. ठोके वाढवावेत तसा प्रोसेसर तापू लागला. अखेर ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणण्याचा बेत इंटेलने २००४ मध्ये सोडून दिला. तेव्हापासून प्रगतीची दिशा पालटली. एका प्रोसेसरमध्ये गणन करणारे दोन, चार, आठ भाग बसविण्यात येऊ लागले. त्यांना कोअर म्हणतात. शिवाय एका ठोक्यात अधिक काम उरकण्याची युक्ती साधण्यात आली. दोन कापणीकऱ्यांचे विळे मिनिटाला सारख्याच वेळा चालले, तरी ज्याची मूठ मोठी त्याची पात आधी संपते. त्याप्रमाणे आजचा ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर २००२ मधील ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरपेक्षा पुष्कळच अधिक काम करतो. यावरून, निरनिराळ्या पिढ्यांच्या प्रोसेसरची तुलना केवळ गिगाहर्ट्झच्या आकड्यावरून करणे व्यर्थ आहे, हे ध्यानात येईल. कोअर आठ आहेत म्हणून काम आठपट वेगाने होईल, असेही नाही. काम वाटून देण्याजोगे असेल तरच इतर कोअर त्यास हात लावू शकतात.

स्वयंपाकघराचा दृष्टांत

संगणकात प्रोसेसर एकटा काम करीत नाही. शालेय पोषण आहाराचे स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणावे. स्वयंपाक करणाऱ्या बाईंचे हात म्हणजे प्रोसेसर. समोरचा ओटा म्हणजे रॅम, अर्थात चालू कामापुरती तात्पुरती स्मृती. मागील खोलीतील धान्याची कोठी म्हणजे कायम साठवण. ती हार्ड डिस्क असेल किंवा एसएसडी असेल. आणि तालुक्याहून माल आणणारा रस्ता म्हणजे इंटरनेट.

बाईंचे हात कितीही चपळ असले, तरी ओटा जर वीतभर असेल तर प्रत्येक जिन्नस आणावयास व परत ठेवावयास त्यांना कोठीत जावे लागेल. कोठीचे दार अडकत असेल, तर तेथेही वेळ मोडेल. तेल संपले आणि तालुक्याचा रस्ता पावसाने बंद झाला, तर चपळ हातांनी नुसते बसून राहावे लागेल. खिचडीस उशीर झाला म्हणून अधिक चपळ बाई शोधणे हा यांपैकी एकाही अडचणीवरील उपाय नव्हे.

हार्ड डिस्क असलेल्या जुन्या लॅपटॉपमध्ये नेमके हेच घडते. लॅपटॉपमधील अनेक डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्यास सेकंदाचा नव्वदावा भाग लागतो. हा अवधी आपणांस क्षुल्लक वाटतो. परंतु तेवढ्यात ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे ३ कोटी ३३ लाख ठोके पडून जातात. हवी ती माहिती चकतीवर फिरून येईपर्यंत त्याला पुष्कळदा वाट पाहण्यावाचून दुसरे काम नसते. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो, त्यामुळे ही प्रतीक्षा बहुतांशी नाहीशी होते. जुन्या लॅपटॉपमधील हार्ड डिस्क काढून एसएसडी बसविली, की तो नव्यासारखा चालू लागतो, हा अनुभव याच कारणाने येतो.

एक साधे गणित

जीन ॲमडाल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्ये एक विचार मांडला, तो आज त्याच्याच नावाने नियम म्हणून ओळखला जातो. एखाद्या कामाचा एक भाग कितीही वेगवान केला, तरी त्या भागाला मुळात लागणाऱ्या वेळेपेक्षा अधिक वेळ वाचू शकत नाही, असा त्याचा सरळ आशय आहे.

समजा, पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड टिपल्यापासून धड्याची चित्रफीत सुरू होईपर्यंत ३० सेकंद लागतात. त्यांपैकी प्रोसेसरचे काम ३ सेकंदांचे, साठवणीतून माहिती काढण्याचे ९ सेकंदांचे आणि इंटरनेटवरून चित्रफीत येण्याचे १८ सेकंदांचे आहे असे मानू. आता दुप्पट वेगाचा प्रोसेसर आणला, तर ३ सेकंदांचे दीड सेकंद होतील आणि एकूण वेळ साडेअठ्ठावीस सेकंद राहील. प्रोसेसरचा वेग अनंत झाला, तरीही २७ सेकंद लागतीलच. उलट, साठवण वेगवान करून ९ सेकंदांचा १ सेकंद केला, तर एकूण वेळ २२ सेकंदांवर येईल. आणि शिक्षकाने ती चित्रफीत आदल्या दिवशी रेंज असलेल्या ठिकाणी उतरवून घेतली, तर १८ सेकंद कायमचे वाचतील. हे दोन्ही उपाय योजल्यास जुन्याच प्रोसेसरवर तो पाठ ४ सेकंदांत सुरू होईल. शेवटच्या उपायास एक पैसाही लागत नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’च्या ॲपवर साहित्य असे उतरवून ठेवण्याची सोय आहे.

हे उदाहरण पाचवीच्या मुलांनाही गणित म्हणून घालता येईल. प्रत्येक शाळेचे आकडे वेगळे असतील. विचाराची रीत तीच राहील.

याच रीतीने यू-डायसची माहिती भरण्याच्या खोळंब्याचाही विचार करावा. भरती संपण्याच्या सुमारास सर्व शाळा एकाच वेळी माहिती पाठवू लागल्या, की दूरच्या सर्व्हरवर गर्दी होते. शाळेतील लॅपटॉप कितीही वेगवान असला, तरी ती रांग हलत नाही.

आणखी एक गोष्ट मनुष्यस्वभावाची आहे. सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत यंत्राने प्रतिसाद दिला, तर माणसास तो तात्काळ मिळाल्यासारखा वाटतो. एक सेकंदापर्यंतच्या विलंबाने विचाराचा धागा तुटत नाही. दहा सेकंदांहून अधिक विलंब झाला, की लक्ष दुसरीकडे जाते. तिसरीच्या वर्गात तर ते त्याच्या आधीच जाते. म्हणून जे काम आधीच सेकंदाच्या विसाव्या भागात होते, ते चाळिसाव्या भागात होऊ लागले तरी कोणास कळणार नाही. पैसा वेचावयाचा तो दहा सेकंदांचे दोन सेकंद करण्यासाठी वेचावा.

प्रोसेसर केव्हा महत्त्वाचा ठरतो

तथापि, प्रोसेसरकडे पूर्ण दुर्लक्ष करावे असा याचा अर्थ नाही. त्याचीही एक किमान पातळी असते. केंद्र शासनाने ५ ऑक्टोबर २०११ रोजी ‘आकाश’ हा अल्पमोली टॅब विद्यार्थ्यांसाठी सादर केला. त्यात ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि २५६ मेगाबाइट रॅम होती. त्याची मंदगती, दाबून चालवावा लागणारा स्पर्शपडदा आणि लवकर उतरणारी बॅटरी यांविषयी तक्रारी झाल्या. पुढल्या वर्षी आलेल्या ‘आकाश २’ मध्ये प्रोसेसर १ गिगाहर्ट्झचा, रॅम दुप्पट आणि पडदा हलक्या स्पर्शाने चालणारा करण्यात आला. किमान पातळीच्या खाली गेलेले यंत्र स्वस्त असले, तरी ते कपाटातच पडून राहते. ती पातळी ओलांडल्यावर मात्र प्रत्येक पुढील पायरीचा लाभ उणावत जातो.

चित्रफितींची काटछाट करून स्वतःचे पाठ तयार करणाऱ्या शिक्षकास वेगवान प्रोसेसरचा खरा उपयोग होतो. कारण तेथे वेळ गणनातच जातो. यंत्रावरच आवाजाचे लेखन अथवा भाषांतर करावयाचे असल्यासही तसेच. शिवाय नव्या प्रोसेसरांचा एक मोठा गुण वेगाहून वेगळा आहे. तेच काम ते कमी विजेत करतात. ज्या गावी दुपारी भारनियमन असते, तेथे बॅटरी शाळा सुटेपर्यंत टिकणे हे वेगापेक्षा मोलाचे आहे.

प्रोसेसरची पिढी पाहण्याचे दुसरे कारण सुरक्षिततेचे आहे. विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी ४ गिगाबाइट रॅम, ६४ गिगाबाइट साठवण आणि ठराविक पिढीचा प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ही मर्यादा सामान्यतः आठव्या पिढीपासून, म्हणजे २०१७ च्या सुमारास निघालेल्या प्रोसेसरांपासून, सुरू होते. त्यामुळे जुना आय-७ लिहिलेला लॅपटॉप कोणी स्वस्तात देऊ केल्यास त्या नावावर भुलू नये. त्याची पिढी विचारावी. नव्या पिढीचा आय-३ त्याहून सरस ठरू शकतो. शाळेत असलेले जुने लॅपटॉप मात्र एवढ्यावरून भंगारात काढू नयेत. लिनक्सची हलकी प्रणाली बसवून त्यांपैकी पुष्कळ यंत्रे टंकलेखनास व उतरवून ठेवलेले पाठ दाखविण्यास उपयोगी पडतात.

खोळंबा शोधण्याची रीत

नवे यंत्र मागण्यापूर्वी शिक्षकाने असलेल्या यंत्राची पुढीलप्रमाणे परीक्षा घ्यावी.

पहिली परीक्षा. जी चित्रफीत अडखळते ती उतरवून घ्यावी आणि इंटरनेट बंद करून पुन्हा लावावी. आता ती सुरळीत चालली, तर दोष नेटचा आहे.

दुसरी परीक्षा. उघडी असलेली सर्व ॲप्स बंद करून एकच उघडावे. एकटे चांगले चालते आणि चारपाच उघडताच यंत्र ‘हँग’ होते, असे आढळल्यास रॅम अपुरी आहे.

तिसरी परीक्षा. विंडोज असलेल्या लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्यात. उघडणाऱ्या पटलावर प्रोसेसर, स्मृती, डिस्क व नेटवर्क यांचा वापर शेकडेवारीत दिसतो. काम रखडलेले असताना ज्याचा आकडा शंभराजवळ टिकून राहतो, तोच खोळंब्याचे कारण समजावा. प्रोसेसरचा आकडा वीसपंचवीसच असेल, तर बहुधा दोष अन्यत्र शोधावा लागेल.

चौथी परीक्षा. यंत्राला हात लावून पाहावा. पंखा नसलेला टॅब पत्र्याच्या खोलीत, वैशाखातील उन्हात तापला, की प्रोसेसर स्वतःच्या रक्षणार्थ ठोके कमी करतो. असा टॅब सावलीत ठेवून, निवल्यावर पुन्हा पाहावा. बॅटरी बचतीची सोय चालू असल्यासही वेग घटतो, तेही तपासावे.

पाचवी परीक्षा. साठवण काठोकाठ भरली आहे काय ते पाहावे. शिष्यवृत्ती परीक्षेपासून स्नेहसंमेलनापर्यंतची सर्व छायाचित्रे एकाच टॅबमध्ये साठली असतील, तर ती अन्यत्र उतरवून जागा मोकळी करावी.

खरेदीचा क्रम

एवढे करूनही नवे यंत्र आवश्यक ठरले, तर समितीपुढे गरजांचा क्रम ठेवावा. प्रथम, यंत्रास सुरक्षेची अद्ययावत दुरुस्ती आणखी किती वर्षे मिळणार आहे ते लेखी विचारावे. त्यानंतर रॅम पाहावी. लॅपटॉपला ८ गिगाबाइट असल्यास शाळेची नित्याची कामे निश्चिंतपणे होतात. साठवण एसएसडीची असावी. बॅटरी, दुरुस्तीची तालुक्यातील सोय, आवाज व पडदा हे त्यानंतर पाहावे. तीस मुलांच्या वर्गात दहा इंची पडदा शेवटच्या रांगेतील मुलास दिसत नाही. तेथे वेगवान टॅबपेक्षा साध्या टॅबसोबत मोठा पडदा घेणे श्रेयस्कर. या सर्वांची तजवीज करून रक्कम उरली, तर ती प्रोसेसरच्या वरच्या पायरीसाठी खुशाल खर्च करावी.

पत्रकावरील आकडा यंत्राची शक्ती सांगतो. वर्गात मुले कशासाठी ताटकळली आहेत, हे तो सांगू शकत नाही. ते केवळ वर्गातील शिक्षकच पाहू शकतो. म्हणून प्रत्येक शाळेने आठवडाभर एका वहीत नोंद ठेवावी: कोणते काम, किती वेळ रखडले, कशामुळे. अशी वही समितीपुढे ठेवल्यास निर्णय आकड्यांच्या भुरळीने न होता शाळेच्या गरजेने होईल आणि गावाचा पैसा मुलांच्या कामी लागेल.